मोबाईल, मनोनिग्रह आणि घराची रीत

एखादें नवें साधन समाजांत आलें म्हणजे त्याच्याविषयीं दोन पक्ष ताबडतोब उभे राहतात. एका पक्षास त्यांत सर्वनाश दिसतो, दुसऱ्यास भाग्योदय. छापखाना, आगगाडी, रेडिओ, दूरदर्शन या सर्वांच्या वाट्यास ही निंदा आणि हें कौतुक येऊन गेलें आहे. मोबाईल फोन त्यास अपवाद कसा असणार? परंतु या यंत्राच्या बाबतींत एक तिसराही पक्ष निघाला आहे, आणि सुशिक्षित मंडळींचा भरणा त्यांतच अधिक आहे. हा पक्ष निंदा करीत नाहीं कीं स्तुति करीत नाहीं. तो गंभीरपणें मान हलवून एवढेंच म्हणतो कीं, वस्तु मुळांत वाईट नसते, वापरणारा वाईट असतो. ज्याचा मनावर ताबा आहे त्यास मोबाईलपासून काय भय? हें मत ऐकण्यास इतकें समंजस वाटतें कीं, त्यास विरोध करणाऱ्यानें आधीं आपणच असमंजस ठरण्याची तयारी ठेविली पाहिजे. तशी तयारी ठेवून आम्ही म्हणतों कीं, आज घरोघर मोबाईलचा जो अतिरेक चालला आहे, त्याचा खरा आधारस्तंभ हें समंजस मतच होय.

प्रथम ज्याचें श्रेय त्यास देऊं. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशीं बोलून या देशांतील मोबाईल संभाषणाचा ओनामा केला, तेव्हां हें यंत्र धनिकांचें भूषण होतें. पुढें पंचवीस वर्षांच्या आंत तें भाजीवालीच्या टोपलीपर्यंत येऊन पोंचलें. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीनें कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेदेखील फोनवरून चुकते होऊं लागले. २०२० सालीं करोनाच्या सांथीनें शाळांना कुलुपें ठोकलीं, तेव्हां ज्या घरीं फोन होता त्या घरीं शाळा चालू राहिली, आणि ज्या घरीं नव्हता तेथील मुलें मागें पडलीं. परदेशीं असलेल्या नातवाचें तोंड आजीस रोज दिसूं शकतें, तें याच यंत्राच्या कृपेनें. असें साधन विहिरींत फेंकून द्या, असें सांगणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. बंदी ही एक गोष्ट आणि मर्यादा ही दुसरी. विषास मर्यादा लागत नाहीं, तें सर्वस्वीं वर्ज्यच असतें; मर्यादा लागते ती अन्नास. ज्याच्यावांचून चालत नाहीं, त्याचेंच माप ठरवावें लागतें.

आतां "वस्तु वाईट नसते" या सूत्राकडे वळूं. सुरी, दोरी, अडकित्ता यांस हें सूत्र बिनदिक्कत लागू पडेल. सुरी आपली फडताळांत पडून राहते; "आणखी कांहीं चिरावयाचें आहे काय?" म्हणून ती दर दहा मिनिटांनीं हांक मारीत नाहीं. आपण काय चिरलें, केव्हां चिरलें, कोणती भाजी चिरतांना आपला हात किंचित् रेंगाळला, याचीं टिपणें ती कारखानदाराकडे धाडीत नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर जें सामान मांडलेलें असतें, त्यांतील पुष्कळसें या अर्थानें वस्तु नव्हेच. तो धंदा आहे. त्या धंद्यांत गिऱ्हाइकाकडून दाम घेत नाहींत, त्याचें लक्ष घेतात, आणि तें जाहिरातदारास विकतात. जितका वेळ डोळे पडद्यावर खिळून राहतील तितक्या जाहिराती अधिक, आणि तितका नफा अधिक. अशा व्यवहारांत आपण गिऱ्हाईक आहों अशी ज्याची समजूत आहे, त्यानें ती बदलावी. दुकानांतला माल तोच आहे.

हें आम्ही द्वेषानें लिहितों असें कोणी म्हणेल, तर त्या धंद्यांतील मंडळींचीच साक्ष काढूं. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनीं २०१७ सालीं जाहीरपणें सांगितलें कीं, लोकांचा जास्तींत जास्त वेळ आणि लक्ष आपल्याकडे कसें ओढतां येईल, हाच त्या उद्योगाच्या बांधणीमागील विचार होता. त्याच सालीं नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनीं, आपली खरी स्पर्धा माणसाच्या झोंपेशीं आहे, असें सांगून टाकलें. झोंपेस प्रतिस्पर्धी मानणारा व्यापारी पूर्वीं एकच ठाऊक होता, तो म्हणजे रात्रीं घरें फोडणारा. पण त्यासही आपल्या धंद्याची जाहीर वाच्यता करण्याचें धैर्य कधीं झालें नाहीं.

या धंद्याचीं हत्यारेंही पाहण्यासारखीं आहेत. पुस्तकास पान असतें, पानास शेवट असतो. वर्तमानपत्र कितीही मोठें असलें तरी शेवटच्या पानावर संपतें. त्या शेवटाशीं वाचणारा क्षणभर थांबतो, घड्याळाकडे पाहतो, आणि उठतो. हा क्षणभराचा थांबा म्हणजे मनुष्याच्या विवेकाला मिळालेली सवड होय. २००६ सालीं अ‍ॅझा रास्किन नांवाच्या एका कल्पक तरुणानें पडद्यावरील मजकुरास शेवटच राहूं नये अशी योजना शोधून काढली. खालीं सरकवावें तों आणखी मजकूर हजर. पुढें त्यानेंच या शोधाविषयीं उघड खेद व्यक्त केला, परंतु तोंपर्यंत दोरी सुटली होती. दुसरें हत्यार याहून जुनें आहे. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील प्रयोगांत कबुतरांस एका कळीवर चोंच मारावयास शिकविलें होतें. ठराविक वेळां चोंच मारल्यावर दाणा मिळतो असें ठरलें, म्हणजे कबुतर दाणा खाऊन अंमळ थांबतें. पण दाणा कधीं तिसऱ्या चोंचीस, कधीं तेराव्या, कधीं तिसाव्या, असा अनियमित मिळूं लागला, म्हणजे तें न थांबतां चोंच मारीतच राहतें. जुगाराचीं यंत्रें याच तत्त्वावर चालतात. आणि पडदा बोटानें खालीं ओढून "कांहीं नवें आलें का" म्हणून पाहणारा गृहस्थ, ज्यास कधीं कौतुकाचे दोन शब्द, कधीं विनोद, कधीं कांहींच नाहीं असें लाभतें, तो दुसरें काय करीत असतो?

आतां आमच्या समंजस पक्षास एक प्रश्न विचारूं. एका बाजूस हजारों हुषार अभियंते, अगणित माणसांच्या संवयींचीं टिपणें, आणि अपरंपार भांडवल. दुसऱ्या बाजूस दिवसभर कचेरींत मान मोडून, लोकलमध्यें उभ्यानें प्रवास करून, रात्रीं नऊ वाजतां खुर्चींत टेंकलेला एक थकलेला जीव. या दोघांच्या झुंजींत त्या जिवास "मनोनिग्रह कर" एवढाच उपदेश करावयाचा, आणि तो हरला म्हणजे "याच्या मनाचा दुबळेपणा" म्हणून मान हलवावयाची, ही न्यायबुद्धि कोणत्या जातीची? मनोनिग्रह ही मोठी गोष्ट आहे हें आम्हांस मान्य आहे. पण जो निर्णय दिवसांतून शंभर वेळां नव्यानें घ्यावा लागतो, तो कांहीं वेळां तरी चुकणारच. पैसे तिजोरींत ठेवणारा मनुष्य घरच्या माणसांवर अविश्वास दाखवीत नाहीं, आणि मधुमेही गृहस्थ मिठाईचा डबा समोर ठेवून जेवावयास बसत नाहीं म्हणून त्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं. उलट त्यास आपण शहाणा म्हणतों. मग हेंच शहाणपण मोबाईलच्या बाबतींत कमीपणाचें कां वाटावें?

मनोनिग्रहाच्या या उपदेशाचा दुसरा दोष असा, कीं तो सदैव दुसऱ्यास केला जातो, आणि बहुधा लहानांस. "आजकालचीं मुलें मोबाईलमधून डोकें वर काढीत नाहींत" ही तक्रार आपण कोठें वाचली असें तक्रार करणाऱ्यास विचारावें. तो निःशंकपणें आपला मोबाईल काढून दाखवील. सकाळीं अंथरुणांतच फुलांच्या चित्रांसह चाळीस जणांना सुप्रभात चिंतणारे आजोबा, पोळी तव्यावर असतांना गटावरील भांडणाचा निकाल पाहणारी आई, आणि जेवतांना डाव्या हातानें जगाच्या बातम्या सरकविणारे वडील, या तिघांच्या मधोमध बसलेल्या दहा वर्षांच्या मुलास संयमाचें व्याख्यान द्यावयाचें, म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशांतली गत. मूल उपदेश ऐकत नसतें, तें पाहत असतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

बरें, मुलाच्या हातीं हें यंत्र प्रथम देतो तरी कोण? काऊ-चिऊच्या नांवानें घास भरवितांना वेळ फार मोडतो, म्हणून तान्ह्या मुलापुढें पडदा धरण्याची चाल आतां इतकी रूढ झाली आहे, कीं त्यांत कोणास कांहीं वावगें वाटेनासें झालें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं याविषयीं स्पष्ट मार्गदर्शन केलें : दोन वर्षांच्या आंतील मुलास पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं फार तर एक तास, त्याहूनही कमी असेल तर उत्तम. घास भरवितांना जी गोष्ट सांगितली जाते, जो कावळा खिडकींत दाखविला जातो, "आ कर" म्हणतांना जें तोंड आईला आपोआप उघडावें लागतें, त्यांतून मूल भाषा शिकतें. तो घास पडद्यासमोर गेला म्हणजे पोट भरतें, पण बोलणें उपाशी राहतें.

कित्येक घरांत या सर्वांवर एक उपाय निघाला आहे : मोबाईलचा उपवास. महिन्यांतून एक रविवार फोन बंद ठेवावयाचा, किंवा सुटींत चार दिवस डोंगरांत जेथें संदेश पोंचत नाहींत अशा ठिकाणीं जाऊन राहावयाचें, आणि परत आल्यावर त्या शांततेचीं छायाचित्रें लगेच फोनवरून सर्वांस धाडावयाचीं. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. उपवासाची गोडी त्याच्या अपवादात्मकपणांत असते; आणि मर्यादेचें सामर्थ्य ती अपवाद नसण्यांत असतें. सोमवारीं सकाळीं जें घर पूर्वस्थितीवर येतें, त्या घरानें रविवारीं कांहीं मिळविलें असें म्हणतां येत नाहीं.

मग करावें काय? आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : मर्यादा ही व्यक्तीचा नेम न होतां घराची रीत झाली पाहिजे. पायांतल्या वहाणा स्वयंपाकघरांत आणावयाच्या नाहींत, असा आपल्या घरांत कोणी व्रतस्थ होऊन निश्चय केलेला नसतो. त्यासाठीं कोणास मनोनिग्रहही करावा लागत नाहीं. वहाणा दाराशीं सुटतात आणि पाय आंत येतात, कारण ती रीत आहे. जुन्या शिवाशिवीच्या कल्पना आपण टाकून दिल्या तें योग्यच केलें. पण प्रत्येक वस्तु घरांत सर्वत्र जाऊं नये, हा जो साधा व्यवस्थेचा विचार, तो त्यांच्याबरोबर टाकून देण्याचें कारण नव्हतें. आपला जुना टेलिफोनच आठवून पाहा. ज्यांच्या घरीं तो असे, त्यांच्या बैठकीच्या खोलींत त्याचें एक तिपाईवरचें आसन ठरलेलें असे. त्यावर विणकामाचा रुमाल, शेजारीं नंबरांची वही, आणि कोठें कोठें तर तबकडीस चिमुकलें कुलूपही. घंटा वाजली म्हणजे माणूस उठून त्याच्याकडे जाई. वाजली नाहीं, तर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. तो घरांत होता, पण ताटाशीं नव्हता, उशाशीं नव्हता, देवघरांत नव्हता. यंत्र तारेनें भिंतीस बांधलेलें होतें आणि माणूस मोकळा होता. तार गेली ही सोय झाली खरी. पण त्या तारेनें जी मर्यादा आपोआप पाळली जात होती, ती आतां आपणांस विचारपूर्वक घालावी लागणार, एवढें ध्यानांत कोणी घेतलें नाहीं.

अशी रीत केवळ बोलण्यापुरती आहे, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं सांगली जिल्ह्याकडे पाहावें. कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव म्हणून एक गांव आहे. करोनाच्या काळांत शाळेच्या निमित्तानें मुलांच्या हातीं गेलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात, हें तेथील लोकांच्या लक्षांत आलें. ऑगस्ट २०२२ मध्यें त्या गांवानें ठरविलें कीं, संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा, घरोघरचे मोबाईल व दूरदर्शन संच बंद व्हावेत, आणि साडेआठपर्यंतचा दीड तास मुलांनीं अभ्यासांत व मोठ्यांनीं वाचनांत किंवा बोलण्याचालण्यांत घालवावा. या ठरावांतील मर्म आमच्या पदवीधर वाचकांनीं नीट पाहावें. गांवानें कोणास मनोनिग्रहाचा उपदेश केला नाहीं, भोंगा वाजविला. तो मुलांसाठीं वाजला तसाच बापांसाठींही वाजला. एकट्यानेंच फोन खालीं ठेवला, तर आपल्यामागें काय चाललें असेल या चिंतेनें त्याचा जीव टांगलेला राहतो. सर्वांनींच ठेवला, म्हणजे मागें कांहीं चाललेलेंच नसतें. जो भार एकट्याच्या मनास पेलत नाहीं, तो चारचौघांच्या रीतीनें सहज पेलला जातो. शहरांतील सुशिक्षितांनींही ही बातमी वाचली. मोबाईलवर वाचली, "फारच छान" म्हणून चार जणांस पुढें धाडली, आणि पुढची बातमी उघडली.

या विचारावर जे आक्षेप येतात त्यांतील दोन-तीनच विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला, अडीअडचणीचा. कोणी आजारी असेल, डॉक्टरची गरज लागेल, तर फोन दूर ठेवून कसें चालेल? फोन दूर ठेवणें म्हणजे तो मुका करणें नव्हे. बैठकीच्या खोलींत तो ठेवावा, त्याची घंटा खणखणीत ठेवावी. खरी निकड असलेला मनुष्य हांक मारतोच. ज्यास हांक मारण्याइतकी निकड नाहीं, त्याचा निरोप तासभर थांबल्यानें आभाळ कोसळत नाहीं.

दुसरा आक्षेप कचेरीचा, आणि हा खरा आहे. रात्रीं दहा वाजतां वरिष्ठाचा निरोप येतो, वाचल्याची निळी खूण त्यास तिकडे दिसते, आणि उत्तर न देणाऱ्याची गणना कामचुकारांत होते. येथें घराच्या रीतीचा हात पोंचत नाहीं, कायद्याचाच पोंचला पाहिजे. फ्रान्सनें १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांस या प्रश्नावर कामगारांशीं वाटाघाट करणें भाग पाडलें. ऑस्ट्रेलियानें ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरील अवाजवी निरोपांकडे दुर्लक्ष करण्याचा हक्क नोकरांस दिला. आपल्याकडे श्रीमती सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत याच हेतूनें एक खाजगी विधेयक मांडलें. पण खाजगी विधेयकांचें भाग्य सर्वांस ठाऊकच आहे. तथापि कायदा येईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. या मासिकाच्या वाचकांत हाताखालीं माणसें असलेले गृहस्थ आणि स्त्रिया पुष्कळ असतील. रात्रींचा निरोप सकाळीं धाडण्यास त्यांना कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. घरानें माणसाच्या फोनवर नियम करावे हा जुलूम नव्हे काय? या आक्षेपास आम्ही सर्वांत अधिक मान देतों, कारण मर्यादेच्या नांवाखालीं जुलूम होतांना आपण पाहतों. सुनेनें माहेरीं किती वेळ बोलावें याचा हिशेब ठेवणारी सासू, बायकोचे निरोप उघडून वाचणारा नवरा, "मुलीच्या जातीला फोन कशाला" म्हणणारा बाप, हे सर्व स्वतःस मर्यादेचे पुरस्कर्ते म्हणवितात. आम्ही स्पष्ट सांगतों कीं ही मर्यादा नव्हे. हा पहारा आहे. कित्येक घरांत सुनेला स्वतःचें असें एकच दार असतें, आणि तें त्या चार बोटें रुंदीच्या पडद्यांतून उघडतें. तें लावून घेण्याचा अधिकार कोणासही नाहीं. म्हणून आमचा नियम असा : मर्यादा वेळेला आणि जागेला असावी, माणसाला नसावी. कोण कोणाशीं बोलतो, काय वाचतो, हें विचारावयाचें नाहीं. कोठें आणि केव्हां, एवढेंच सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. आणि ती मर्यादा घरांतील सर्वांत मोठ्या माणसापासून सुरू झाली पाहिजे. जी रीत कर्त्या पुरुषास लागू नाहीं ती रीत नव्हे, हुकूम होय; आणि हुकूम चोरून मोडण्यासाठींच असतात, हें मुलांस आपल्यापेक्षां चांगलें ठाऊक असतें.

इतकें झाल्यावर नियमांची यादी लांबविण्याचें कारण उरत नाहीं. पान वाढलें म्हणजे फोन पानाशीं नाहीं. दिवा मालवला म्हणजे फोन उशाशीं नाहीं. पहांटे उठण्यासाठीं गजराचें घड्याळ आजही बाजारांत मिळतें. आणि दिवेलागणीनंतरचा एक तास घरांतील सर्व फोन बैठकीच्या खोलींत एका जागीं. एवढ्या तीन गोष्टी रीत म्हणून अंगवळणीं पडल्या, तर उरलेल्या वेळेचा हिशेब कोणास विचारूं नये.

पहिले कांहीं दिवस तो एक तास फार लांब वाटेल, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों. काय बोलावें हें कोणास सुचणार नाहीं. मुलें जांभया देतील. वडीलमाणसांचे हात रिकाम्या खिशाकडे जातील. त्या ओशाळ्या शांततेंतच या प्रश्नाचें खरें स्वरूप दिसेल. आपलें एकमेकांशीं बोलणें किती आटलें होतें, तें यंत्राच्या गलबल्यांत ऐकूं येत नव्हतें, एवढेंच. ज्या घरास तो तास सोसवत नाहीं त्या घरास त्याची गरज सर्वांत अधिक आहे. आणि तरीही कोणी "वस्तु वाईट नसते, मन खंबीर पाहिजे" असें म्हणणारा भेटलाच, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. त्यानें आपलें खंबीर मन सिद्ध करण्यासाठीं आज रात्रीं आपला फोन बैठकीच्या खोलींत ठेवून निजावें, एवढीच त्यास विनंति करावी.